अर्धवट वाचलेलं वाक्य : मेंदूच्या इजेविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाबद्दल लिहिलं होतं. मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांतल्या नसा यांना इजा झाली की तिथल्या पेशींचं काय होतं, यावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झाला. छपाईचा खर्च अर्जेंटिनातल्या स्पॅनिश डॉक्टरांनी वर्गणी काढून उचलला होता. कापलेल्या नसांचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक धागा शोधत बसायचं, असं हे वर्षानुवर्षांचं काम. त्याच्या शेवटी काहाल म्हणतात की प्रौढ मेंदू-मज्जारज्जूत सगळं मरू शकतं, पुन्हा काहीच उगवत नाही. लगेच पुढचं वाक्य असं आहे, की हा कठोर निवाडा बदलता आला तर बदलणं हे पुढच्या काळातल्या विज्ञानाचं काम आहे.

लेखावर आलेली पत्रं वाचून मी अस्वस्थ झाले. काहींनी पहिलं वाक्य धरलं आणि घरातल्या रुग्णाची आशा सोडली. काहींनी दुसरं वाक्य धरलं आणि ‘उपचार’ विकणाऱ्याच्या दारात पैसे घेऊन उभे राहिले. म्हणून या वेळी फक्त प्रश्नोत्तरं. नावं आणि गावं गाळली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध सांगणं मला जमणार नाही, त्यामुळे बऱ्याच उत्तरांत ‘डॉक्टरांना दाखवा’ हे येईल. त्याला इलाज नाही.

प्रश्न : मेंदूत रोज नव्या पेशी तयार होतात, असं एका व्हिडिओत पाहिलं. मग मार लागून मेलेल्या पेशींच्या जागी नव्या का येत नाहीत?

व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. १९९८ मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटचे फ्रेड गेज यांच्या गटाने कॅन्सरच्या काही रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. नव्याने तयार होणाऱ्या पेशींवर खूण राहावी असं एक द्रव्य या रुग्णांना हयातीत टोचलेलं होतं. ती खूण हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागातल्या काही चेतापेशींत सापडली. म्हणजे त्या पेशी मोठ्या वयात जन्मल्या होत्या. शोध मोठाच होता. पण २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने प्रौढ माणसात अशा पेशी सापडतच नाहीत असं लिहिलं, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने त्या सत्तरीतल्या माणसांतही सापडतात असं दाखवलं. वाद अजून चालू आहे.

तो कुणाच्याही बाजूने सुटला, तरी प्रश्न आहे एका चिंचोळ्या भागातल्या थोड्या पेशींचा. कपाळामागचा भाग ठेचला गेला तर तिथपर्यंत चालत जाऊन या पेशी खड्डा भरून काढत नाहीत.

प्रश्न : आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो ना? मग उरलेला नव्वद टक्के इजा झाल्यावर कामाला लावता येईल का?

नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांत राखीव म्हणून ठेवलेला कोपरा कुठेही नाही.

प्रश्न : शेतात कोयता लागून माझ्या मनगटाची नस तुटली होती. शिवल्यावर वर्षभरात बोटांना जाणीव परत आली. वडील आंब्यावरून पडले, पाठीचा मणका मोडला, दोन वर्षं झाली तरी पाय हलत नाहीत. नस तर नसच ना? मग माझी जुळली, त्यांची का नाही?

तुमच्या घरातल्या दोन जखमांमध्ये शंभर वर्षांचं संशोधन मावतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या मनगटातल्या नसेचा जो धागा तुटला, त्याची मूळ पेशी मज्जारज्जूत किंवा त्याच्या अगदी शेजारी शाबूत होती. तुटलेल्या जागेच्या पुढचा धागा मेला, पण त्याची नळी राहिली. नळीतल्या, धाग्याला वेष्टण घालणाऱ्या ‘श्वान’ नावाच्या पेशींनी मेलेला कचरा साफ केला, वाढीला पोषक द्रव्यं सोडली आणि वाट धरून दिली. नवा धागा त्या वाटेने दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकत गेला. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि शिवलेली नस जुळायला लागणारा वेळ त्यात धरा, म्हणजे इतके महिने का लागले ते कळेल.

मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे धाग्यांवर वेष्टण घालणाऱ्या पेशी वेगळ्या, कचरा उचलण्याचं काम फार संथ, आणि जखमेभोवती ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचा जाड वण तयार होतो. काहालना तुटलेल्या धाग्यांची टोकं तिथेही काही दिवस फुटताना दिसली होती. मग ती थांबत, फुगत आणि सुकून जात. त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये पायाच्या नसेचा तुकडा सशाच्या मेंदूत बसवून पाहिला, आणि मेंदूतले धागे त्या तुकड्यात शिरले. हे निरीक्षण बरीच दशकं जवळजवळ विस्मरणात गेलं. १९८० आणि १९८१ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने प्रौढ उंदरांत पायाच्या नसेचा पूल बांधून दाखवलं की मेंदू-मज्जारज्जूतल्या पेशींचे धागे त्यातून जवळपास तीन सेंटिमीटर वाढतात. पुलाचं दुसरं टोक आलं आणि पुन्हा मज्जारज्जू लागला की मात्र वाढ थांबते.

या प्रयोगाने प्रश्नाची दिशाच बदलली. पेशीत वाढण्याची ताकद काही प्रमाणात शिल्लक होती. अडचण बरीचशी तिच्या आजूबाजूला होती. झ्युरिकच्या मार्टिन श्वाब यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं की मज्जारज्जूतल्या वेष्टणात वाढ रोखणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एकाला पुढे नोगो हे नाव मिळालं. त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं उंदरांत उपयोगी ठरली, माणसांवर त्यांच्या रीतसर चाचण्याही झाल्या, पण मणका मोडलेल्या माणसाला चालतं करणारं औषध त्यातून अजून हाती आलेलं नाही. वणाचंही तसंच. तो नुसता अडथळा आहे असं आम्ही शिकलो होतो. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने उंदरांत वण तयार होऊच दिला नाही, तेव्हा धागे जास्त वाढण्याऐवजी उलट कमी वाढले. म्हणजे ज्याला आम्ही भिंत समजत होतो, तिचा काही भाग आधाराचाही होता. वण विरघळवण्याची औषधं जाहिरातीत दिसली, तर हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या वडिलांविषयी. मज्जारज्जूच्या अशा इजेत माणूस मणक्यामुळे नव्हे, तर पडून राहून पाठीखाली होणाऱ्या जखमांमुळे आणि लघवीतल्या संसर्गामुळे दगावतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दर दोन तासांनी कूस बदलता का? लघवीची नळी कोण बदलतं आणि किती दिवसांनी? लघवीच्या पिशवीची आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पुनर्वसन विभागात त्यांना घेऊन जा. हे काम चाचण्यांच्या निकालांची वाट पाहणारं नाही.

प्रश्न : मुलाच्या डोक्याला गाडीवरून पडून मार लागला, त्याला चौदा महिने झाले. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं अडखळतं. एका केंद्राने सांगितलं की त्याच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून पाठीतून सोडू, तीन सिटिंग लागतील, मेंदूत नव्या पेशी तयार होतील. जपानमध्ये याला मान्यता आहे असंही म्हणाले. जमिनीचा एक तुकडा विकायचा विचार आहे. मॅडम, करावं का?

जमीन विकू नका. निदान हे उत्तर पुरतं वाचेपर्यंत तरी सौदा थांबवा.

या महिन्यात अशी आठ पत्रं आली. केंद्रं निरनिराळी, पण शब्द तेच: ‘स्वतःच्याच पेशी’, ‘साइड इफेक्ट नाही’, ‘तीन सिटिंग’, ‘पॅकेज’. म्हणून आधी त्या सिरिंजमध्ये काय असतं ते सांगते.

कमरेच्या हाडातल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात आणि हाड, चरबी, कूर्चा तयार करू शकणाऱ्या काही पेशी असतात. त्यांचं चेतापेशीत रूपांतर होतं, असे दावे या शतकाच्या सुरुवातीला झाले होते, आणि मीही ते उत्साहाने वाचले होते. २००२-०३ मध्ये कळलं की अनेक प्रयोगांत मगजातली पेशी मेंदूतल्या आधीच्या पेशीला चिकटून एकजीव झाली होती. नवी चेतापेशी जन्मलीच नव्हती, जुन्या पेशीवर नव्या पेशीची खूण उमटली होती एवढंच. मगजातल्या पेशी काही द्रव्यं सोडतात आणि त्यांनी दाह कमी होऊ शकतो, असं आजही संशोधक मानतात आणि त्यावर प्रामाणिक काम चालू आहे. पण पाठीच्या पाण्यात सोडलेली ही पेशी मेंदूत जाऊन, चौदा महिने जुन्या जखमेत बसून, तुमच्या मुलाच्या हाताची वाट पुन्हा जोडते, याला पुरावा नाही. जोडणी म्हणजे काय असतं ते अग्वायोंच्या पुलाच्या गोष्टीत वाचलंत. तीन सेंटिमीटर धागा वाढवायला केवढा खटाटोप करावा लागला, आणि तोही पुलाच्या टोकाशी थांबला.

आता कायद्याचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी-प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. त्याबाहेर माणसावर मूळपेशी वापरायच्या तर त्या फक्त मंजुरी मिळालेल्या चाचणीत, नीतिसमितीच्या देखरेखीखाली. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणून तुम्ही त्या केंद्राला एकच प्रश्न विचारा. हा मान्य उपचार आहे की संशोधन? मान्य उपचार म्हणाले, तर ते खोटं बोलत आहेत. संशोधन म्हणाले, तर मग पैसे कसले मागतात?

इथे एक नवी चलाखी सांगायला हवी. काही जण सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला क्रमांक दाखवतात. ही नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे आणि तिचा उपयोग चांगला आहे. पण नोंद म्हणजे ‘आम्ही असा अभ्यास करणार आहोत’ एवढंच निवेदन. उपचार लागू पडतो याचं ते प्रमाणपत्र नाही. तो क्रमांक घेऊन या आणि तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांसोबत बसून नोंद उघडा. कोणत्या रुग्णांना घ्यायचं, इजेला किती काळ झालेला असावा, दुसऱ्या गटाला काय देणार, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तुम्हाला सांगितलेलं आणि तिथे लिहिलेलं यांचा मेळ बसत नाही.

जपानचंही नीट समजून घ्या. २०२४ मध्ये तिथे मेंदूच्या जुन्या इजेमुळे आलेल्या लुळेपणासाठी एका पेशी-उत्पादनाला मर्यादित मुदतीची, अटींसह मान्यता मिळाली. त्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या नाहीत. दुसऱ्या दात्याच्या हाडातल्या मगजातून घेऊन, प्रयोगशाळेत बदल करून, कवटीला छिद्र पाडून थेट जखमेजवळ बसवतात. मान्यतेमागचा अभ्यास लहान होता, म्हणूनच अटी आहेत आणि पुढची माहिती गोळा करायची आहे. तुम्हाला विकलं जातंय त्याचा आणि याचा संबंध ‘स्टेम सेल’ या दोन शब्दांपुरताच आहे.

‘साइड इफेक्ट नाही’ याचं उत्तरही नोंदलेलं आहे. २०१६ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक रुग्ण मांडला. पक्षाघातानंतर तो तीन देशांत जाऊन पाठीतून मूळपेशी टोचून घेऊन आला होता. पुढे त्याच्या मज्जारज्जूभोवती पेशींची गाठ वाढली, आणि तपासणीत त्या पेशी त्याच्या स्वतःच्या नसून दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. पक्षाघातातून वाचलेला भागही त्याने गमावला.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वाया जाणाऱ्या महिन्यांचा. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की ‘सिटिंग होईपर्यंत व्यायाम बंद ठेवा’ असं केंद्राने सांगितलं, म्हणून फिजिओथेरपी थांबवली आहे. ती उद्यापासून सुरू करा. बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ शोधा. जिल्ह्याच्या ठिकाणी नसतील, तर वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. हात-पाय ताठ होत असतील तर तो ताठरपणा कमी करण्याची औषधं आणि इंजेक्शनं आहेत, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हे सगळं जमिनीच्या तुकड्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. आणि तो मुलगा अजून अनेक वर्षं जगणार आहे, त्याला ती जमीन लागेल.

प्रश्न : अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. रोज किती द्यावेत?

परवडत असतील तर चार खाऊ द्या, अन्न म्हणून. आकारावरून गुण ठरत नाहीत. गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला मात्र देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

प्रश्न : अपघातानंतर पत्नीला सिटिकोलिनच्या गोळ्या आणि फिट येऊ नये म्हणून एक गोळी दिली होती. फिट एकदाही आलेली नाही. दीड वर्ष दोन्ही चालू आहेत. थांबवू का?

स्वतः थांबवू नका, फिटची गोळी तर अजिबात नाही. एकदम बंद केल्याने फिट आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. पण प्रश्न योग्य आहे, आणि तो दीड वर्षापूर्वीच कुणीतरी तुमच्याशी बोलायला हवा होता.

सिटिकोलिनची मोठी चाचणी अमेरिकेत झाली. डोक्याला मार लागलेले १,२१३ रुग्ण, ९० दिवस औषध किंवा बिनऔषधाची गोळी. २०१२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नव्हता. फिटच्या गोळीचं म्हणाल, तर १९९० मध्ये सिअॅटलच्या अभ्यासात दिसलं की फेनिटॉइन पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी करतं, त्यानंतरच्या नाही. म्हणून ज्यांना फिट आलेलीच नाही, त्यांना ती वर्षानुवर्षं देण्याचं कारण सहसा नसतं. सहसा म्हणते, कारण कवटीचं हाड आत दबलं असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांचा विचार वेगळा असू शकतो. जुने सगळे कागद आणि सीटी स्कॅनची फिल्म घेऊन जा आणि सरळ विचारा, ही गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत?

प्रश्न : आमचे जुने डॉक्टर डोक्याला मार लागला की लगेच सूज उतरायचं स्टिरॉइड द्यायचे. आताच्या हॉस्पिटलने दिलं नाही. निष्काळजीपणा म्हणायचा का?

नाही, त्यांनी बरोबर केलं. आम्हीही एके काळी देत होतो. मग १०,००८ रुग्णांवर एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. २००४ मध्ये कळलं की स्टिरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत २१ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्या गटात १८ टक्के. अनेक दशकं सगळ्यांना पटलेली गोष्ट माणसं मारत होती, आणि एकेकट्या डॉक्टरला ते कधीच दिसलं नसतं. ‘आमच्या अनुभवात गुण येतो’ एवढ्यावर कुणी उपचार विकत असेल, तर मला हे आकडे आठवतात.

प्रश्न : शेजाऱ्यांचं तोंड सकाळी वाकडं झालं, हात गळाला. त्यांना लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये. आता डॉक्टर म्हणतात उशीर झाला. पुढे कुणाला झालं तर काय करायचं?

१०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल. वाटेत कुठेही थांबायचं नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असं गणित अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांपर्यंतच देता येतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत आहे, पण ती मोठ्या शहरांत. मेलेल्या भागाभोवती उपाशी असलेला पण जिवंत असा एक पट्टा असतो, आणि हे सगळं त्याच्यासाठी. काहालचं पहिलं वाक्य मेलेल्या पेशींबद्दल आहे. या पट्ट्यातल्या पेशी अजून मेलेल्या नसतात, आपण त्यांना झाडपाल्यापाशी नेऊन मरू देतो. लकवा ‘आपोआप उतरला’ तरीही त्याच दिवशी दाखवा. पुढचा मोठा झटका अनेकदा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत येतो.

प्रश्न : मार लागल्यावर मुलाला रात्रभर झोपू द्यायचं नाही, हे खरं का?

तपासून घरी पाठवलेल्या मुलाला झोपू द्या, मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने हलवून जागं करून बघा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, किंवा उठवूनही न उठणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. मार लागून शुद्ध हरपली, मग मूल उठून बोललं, खाल्लं, आणि तासाभराने पुन्हा गुंगलं, असं झालं तर कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असण्याची शक्यता असते. मधल्या बऱ्या दिसणाऱ्या वेळाने घरच्यांची फसगत होते.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. पाच आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं, टेंगूळ आलं, बाकी काही नाही. आता चालताना तोल जातो, दिवसा झोपते, नावं विसरते. भाऊ म्हणतो वय झालं. हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. तुमच्या पुढच्या लेखात सांगाल का?

पुढच्या लेखाची वाट पाहायला लागू नये म्हणून हे उत्तर मी तुम्हाला आधीच कळवलं. इथे छापते ते इतरांसाठी.

उतारवयात मेंदू थोडा आक्रसतो, आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या आपटण्याने त्यातली एखादी झिरपू लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने झिरपणं वाढतं. रक्त हळूहळू साचत जातं आणि तीन-चार आठवड्यांनी मेंदूला दाबू लागतं. तोपर्यंत पडणं सगळे विसरलेले असतात, आणि घरात ‘वय झालं’ हे निदान होऊन जातं. साधा सीटी स्कॅन हे दाखवतो. गरज पडली तर कवटीला छोटी छिद्रं पाडून साचलेलं काढतात, आणि बरेच रुग्ण पुष्कळ सुधारतात. इथे पेशी मेलेल्या नसतात, दबलेल्या असतात. गोळी स्वतः बंद करू नका, तो निर्णय हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून घेतील. खर्चाची अडचण असेल, तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. आणि घरात कुणी वृद्ध माणूस अलीकडे पडून आता ‘सुस्त’ झालं असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आज स्कॅनची चौकशी करा.

प्रश्न : पतीच्या अपघाताला आठ महिने झाले. सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही असं ऐकून व्यायाम सोडला. शिवाय पूर्वी कधी आवाज चढवला नाही, तो माणूस आता ताट भिरकावतो.

पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो, एवढंच खरं. सहाव्या महिन्याला दार बंद होत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ नूडो यांनी माकडांच्या मेंदूत हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागात छोटी इजा केली. ज्यांना हाताचा सराव दिला नाही, त्यांच्यात इजेशेजारचा धडधाकट भागही हाताचं काम सोडून बसला. ज्यांच्याकडून खाऊ उचलण्याचा सराव रोज करून घेतला, त्यांच्यात तो टिकला, काहींत वाढला. नवी पेशी एकही नव्हती, होत्या त्याच पेशींनी काम वाटून घेतलं. म्हणून पतींना लुळ्या हाताने शर्टाची बटणं लावू द्या, वाटीतले चणे वेचू द्या, पोळीचा तुकडा मोडू द्या. हात दुखू नये, खांदा निखळू नये, यासाठी सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच करा.

रागाबद्दल. कपाळामागचा मेंदू राग आवरायचं काम करतो, तिथेच मार लागला असेल तर हे इजेचं लक्षण आहे. तुमच्या मनातली ‘ते मुद्दाम करतात का’ ही शंका बाजूला ठेवा, पण सहनही करत राहू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे दोघं जा. औषधाने, दिनक्रमाने आणि गोंगाट कमी केल्याने फरक पडतो. घरात लहान मुलं असतील तर भेट या आठवड्यातच घ्या.

प्रश्न : मागे बसणाऱ्या बाईला हेल्मेट लागतं का?

लागतं, कायद्याने आणि शरीरशास्त्रानेही. हनुवटीखालचा पट्टा लावलेला असेल तरच ते हेल्मेट.

प्रश्न : अपघात झालेल्याला हॉस्पिटलमध्ये नेलं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो. म्हणून लोक थांबत नाहीत.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. उचलताना मान आणि पाठ एका रेषेत ठेवा, रिक्षात दुमडून बसवू नका, रुग्णवाहिका येत असेल तर थांबा.

प्रश्न : मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देता येतो का? वय ८१, निवृत्त शिक्षक.

येतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो, त्यामुळे इच्छा आत्ताच लेखी करून ठेवा, मुलांना त्या कागदाची जागा सांगा, आणि तुमच्या गावाहून हे शक्य होईल का ते पेढीला आधीच विचारून घ्या. अंतरामुळे जमणार नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाचा अर्ज मिळेल.